केलेराने मागितलं म्हणे!

१३ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा गळलं! आणि नेमकं शिलाई मशीनवरच. एवढं घर मोकळं पडलंय, पण छपराला गळायला तीच जागा सापडते. दुपारी एक सर आली आणि शाळेच्या पांढऱ्या शर्टांवर गंजाचे तांबडे डाग. सात शर्ट पुन्हा धुवायचे. गिऱ्हाईक काय छपराकडे बघून पैसे देणार आहे?

पत्र्यांची चाळण झालीय. वादळांचे महिने तोंडावर आले. सहा पत्रे लागतील, खिळे वेगळे.

अपिसाई आला होता. मामाचा मुलगा, खायला आधी, कामाला नंतर. माझ्याच चहात माझाच ब्रेड बुडवत मला म्हणतो, "मागून टाक की ताई! एक शब्द टाकलास तर सगळं खानदान पत्रे घेऊन दारात उभं राहील."

तो एक शब्द! केरेकेरे! तो तोंडातून निघाला की समोरच्याने नाही म्हणायचं नाही, अशी आमची रीत. माझ्यापुढे वापरून वापरून सगळ्यांनी तो झिजवलाय. केरेकेरे साखर. केरेकेरे बसचं भाडं. केरेकेरे लग्नाचे सगळे कपडे शिवून दे, फुकट. मी आजवर कुणापुढे तो काढलेला नाही, आणि काढणारही नाही.

खणात चांगला फोन पडलाय. तोरिकाने दिलेला. तो विकते. झालं!

१४ ऑक्टोबर

शेजारची सुमिंत्रा रोटीची पार्सलं विकते, आणि ऑनलाइन वाट्टेल ते विकते. जुना फ्रिज, कोंबड्या, एकदा तर नवऱ्याचे मासेमारीचे गळ, त्याला न विचारता! तिच्याकडे शिकवणी घेतली.

"हे बघ केलेरा, पैसे मोजून तुझ्या हातात, मगच फोन त्याच्या हातात. घरी कुणाला बोलवायचं नाही. पोलीस चौकीसमोरच्या बाकावर ये म्हणायचं. चोर असला तर येतच नाही. बँकेत भरले म्हणून फोटो दाखवतील, त्याला भुलू नको. फोटोने छप्पर होत नाही. खोक्यावरचा लांबलचक नंबर जाहिरातीत दाखवायचा नाही. आणि आतलं सगळं पुसून काढ, नाहीतर तुझे अंघोळीचे फोटो साऱ्या सुवा शहरात फिरतील."

"माझे कसले आलेत अंघोळीचे फोटो!"

"म्हणून तर म्हणते, लोकांना कशाला त्रास!"

पुसायला बसले. आत तोरिकाचे फोटो. ऑस्ट्रेलियात संत्री तोडायला गेली होती, शिडीवर चढून दात काढतेय. वही नवी आहे, तिला माहीत नाही म्हणून लिहिते: तोरिका माझी धाकटी बहीण. कांदावूला असते, बेटावर, आमच्या गावातच. तिकडून पहिल्या कमाईतून हा फोन आणला. स्वतःला नाही, मला.

मग आई गेली. शंभराव्या दिवशी सगळे चटईवर बसलेले, कावा प्यायचं भांडं मध्ये. तोरिका सगळ्यांसमोर म्हणाली, "केरेकेरे ताई, आईचं हातमशीन मला दे." आणि मी नाही म्हणाले. माझ्या भाकरीची सुरुवात त्या मशीनवर झाली, तिला टाकासुद्धा धड घालता येत नाही. काय चुकलं माझं? पण सगळ्यांनी माना खाली घातल्या. तोरिका उठली. "बरं. मग तूही माझ्याकडे कधी काही मागू नकोस. मेलीस तरी."

चार वर्षं झाली. मशीन पलंगाखाली मेणकापडात बांधून आहे. मी एकदाही फिरवलेलं नाही.

फोटो पुसले. सगळे.

१६ ऑक्टोबर

जाहिरात टाकली. अडीचशे डॉलर, रोख. लोकांना वाचता येत नाही का? "अजून आहे का?" आहे, म्हणून तर लिहिलंय! "शेवटचा भाव?" "डुक्कर देतो, चालेल?" एकाने तर फोनचं राहू दे, तुझं लग्न झालंय का म्हणून विचारलं.

आणि एक शहाणा: मी जहाजावर कामाला आहे, पूर्ण पैसे भरतो, माझा माणूस फोन न्यायला येईल, फक्त त्याच्या फेरीचे चाळीस डॉलर आधी तुम्ही भरा. मी लिहिलं, "त्या माणसाला म्हणावं पोहत ये." गप्प झाला.

मला फसवायला निघालेत!

१८ ऑक्टोबर, शनिवार

चौकीसमोरच्या बाकावर एक आला. नीटनेटका, केसांना तेल. पैसे भरल्याचा मेसेज दाखवला. म्हटलं, माझ्या खात्यात दिसू देत, मी बसलेय. म्हणाला, सावकाश दिसतील हो मावशी, मी जरा पाणी पिऊन येतो. पाणी प्यायला बहुतेक नदीवर गेला. दीड तास बसून उन्हात भाजले.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

गिऱ्हाईक मिळालं! विलिसी नाव बाईचं. मुलगी नर्सिंगला लागलीय, तिच्यासाठी हवाय. किती गोड लिहिते! देवाची कृपा, तुमच्या घरी सगळे बरे आहेत ना, छप्पर गळतंय वाचून वाईट वाटलं. (जाहिरातीत मीच लिहिलं होतं. कशाला लिहिलं कोण जाणे.) घासाघीस नाही, बाकावर यायला तयार, रोख द्यायला तयार.

पण पुढे लिहिते, "मागे एका बाईने मला फसवलं. राग मानू नका, तुम्ही खऱ्या कशावरून?"

माझं डोकंच फिरलं. मी? वीस वर्षं अर्ध्या लामी गावातल्या पोरांचे गणवेश शिवतेय, बटण एक कमी लावलं नाही कधी, आणि मी खरी कशावरून? ती म्हणाली, एक सहा आकड्यांचा मेसेज येईल, तेवढे आकडे मला पाठवा, म्हणजे नंबर खरा आहे हे मला कळेल. आले. लगेच पाठवले.

आता कळेल तिला, केलेरा कोण ते!

२२ ऑक्टोबर

हात दाखवून अवलक्षण. दुसरा शब्द नाही.

सकाळपासून माझं मेसेजचं खातं बंद. गिऱ्हाइकांची मापं, ऑर्डरी, घरच्यांचा गट, सगळं गेलं. दुसऱ्या फोनवर उघडलंय, एवढंच म्हणतंय. सुमिंत्राकडे धावले. तिने कपाळावर हात मारला. "आकडे दिलेस? अगं माझे आई! मी सगळं सांगितलं आणि हे सांगायचं राहिलं!"

तिचा काय दोष? मेसेजच्या खाली लिहिलेलंच होतं, हे आकडे कुणालाही देऊ नका. मी वाचलं होतं. मला वाटलं, ते इतरांसाठी आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. चोराने मला चोर म्हटलं आणि मी साव ठरायला घराची किल्ली काढून दिली. मला पैशाने कुणी भुलवलं नसतं. माझ्या ताठ मानेला बरोबर धरलं त्या बाईने. की बाप्या होता? देव जाणे.

दुपारी अपिसाई. खांद्यावर कसाव्याचं पोतं, घामाने निथळतोय. "पैसे नव्हते ताई. हे उपटून आणलं."

"कशाला?"

"तूच मागितलंस ना!"

त्याचा फोन हिसकावून वाचलं. घरच्यांच्या गटात, माझ्या नावाने, माझ्या फोटोखाली. "माझ्या लाडक्या माणसांनो, मी इस्पितळात आहे. केरेकेरे, या नंबरवर जमेल तेवढं पाठवा."

केरेकेरे! म्हणजे चोर लांबचा नाही. लांबच्याला हा शब्द सुचला नसता. इथलाच कुणीतरी, आमच्यातलाच, त्याला पक्कं ठाऊक की या शब्दाला कुणी नाही म्हणणार नाही.

पन्नास वर्षं मी तो शब्द गिळून ठेवला. चोराने एका सकाळीत माझ्या तोंडी घातला. त्याने घर लुटलं असतं तरी मला इतकं लागलं नसतं.

२३ ऑक्टोबर

चौकीत गेले. त्याच बाकासमोरची चौकी. पोलीस म्हणाला, "नोंद घेतली. तुम्ही या महिन्यात नवव्या." त्याला वाटलं मला धीर आला असेल.

मग घरोघर. "ती मी नव्हते, पाठवू नका." सेमी काकांनी आधीच पाठवलेले. पेन्शनीतून, त्या माणसाचे स्वतःचे दात पडलेत! चर्चच्या गायनातल्या बायकांनी वर्गणी काढलेली. आणि लुसियाना, जिच्या लग्नाचे एकवीस कपडे मी फुकट शिवले, तिने "बघते" म्हणून लिहिलं आणि मला बंदच करून टाकलं. बरं झालं कळलं.

पण खरी मजा पुढे. काकूंना सांगितलं, मी मागितलंच नव्हतं, तर त्यांचा चेहरा उतरला. पैसे गेले म्हणून नाही. "म्हणजे तू नव्हतंसच मागितलं? आम्हाला वाटलं, चला, केलेरा एकदाची माणसांत आली."

घ्या! चोर माझ्यापेक्षा माणसांत आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

पाद्रींनी प्रार्थनेनंतर सांगितलं, आपल्या भगिनीच्या नावाने कुणी फसवतंय, सावध राहा. सगळी डोकी माझ्याकडे वळली. मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजली, "मला तेव्हाच शंका आली. केलेरा आणि मागणार?" आणि हसल्या. मी गाण्याच्या पुस्तकात तोंड घालून बसले. उलटं धरलं होतं.

२९ ऑक्टोबर

खातं परत मिळालं. सात दिवस धरणं धरून. सुमिंत्राने दुसरं कुलूपही लावून दिलं, आता आकडे मिळाले तरी माझा गुप्त शब्द लागेल. वरातीमागून घोडं. चार गिऱ्हाइकं गणवेश दुसरीकडे टाकून मोकळी झाली.

काकूंचा फोन. इकडचं तिकडचं बोलून हळूच म्हणाल्या, "तोरिकानेही पाठवले, माहीत आहे ना तुला? सगळ्यात आधी तिने. गटात लिहिलं, पाठवले म्हणून. तिचं बघून मग आम्ही."

तोरिकाने!

म्हणजे तिच्या लेखी मी मागितलं. मी, जिने आईचं मशीन दिलं नाही, ती शेवटी हात पसरून तिच्या दारात गेले. चार वर्षं ज्यासाठी ताठ उभी राहिले ते एका ओळीत संपलं, आणि ती ओळ माझी नव्हतीच.

तिला सांगायला हवं. फोन लागत नाही. गावात टेकडीवर चढलं तरच लागतो, आणि ती काय माझ्यासाठी टेकडी चढणार आहे?

२ नोव्हेंबर, रविवार

पत्र लिहायला घेतलं. "तोरिका, ती मी नव्हते." एवढंच जमलं. पुढे काय लिहू? तुझे पैसे बुडाले? मला तुझ्याकडून काही नको होतं? फाडलं.

पाऊस. मशीनवर टोपलं उपडं घातलंय. फोन अजून खोक्यात. जाहिरातीवर रोज दोघे-तिघे विचारतात. मी उत्तर देत नाही. दुधाने तोंड पोळलंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कांदावूची बोट आली. मला काय त्याचं, म्हणून शिवत बसले होते. दार वाजलं. तोरिका!

काखेत चटईची गुंडाळी, एका हातात डालोच्या कंदांची जुडी, दुसऱ्यात नवऱ्याचा हातोडा. जाड झालीय. केस पांढरे झालेत तिचे. माझ्या धाकटीचे!

तीच म्हणाली, "आत ये म्हणतेस, की त्याच बोटीने परत जाऊ?"

"ते मेसेज मी नव्हते केले." दारातच बोलून टाकलं. चहा नाही, पाणी नाही.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे? काकूंनी सांगितलं?"

"काकू कशाला? टेकडीवर 'माझ्या लाडक्या माणसांनो' वाचलं आणि मोठ्याने हसले. तुझ्या तोंडात लाडकी माणसं? पहिल्याच ओळीला कळलं, हा कुणीतरी भामटा आहे."

"मग पैसे का पाठवलेस, खुळे?"

ती चटई पसरून खाली बसली. सांध्यांची कटकट ऐकू आली. हातोडा समोर ठेवला. म्हणाली, "सगळा गट बघत होता ताई, तोरिका काय करते. मी गप्प राहिले असते तर गावभर झालं असतं, केलेराने मागितलं आणि सख्ख्या बहिणीने दिलं नाही. ती तू नव्हतीस हे दोन दिवसांनी कळलं असतं. पण बोलणं राहिलं असतं. ते कसं लागतं मला ठाऊक आहे. चार वर्षं सगळे मला तेच विचारतात, मशीन दिलं का ग तुझ्या बहिणीने?"

मी शर्टाची बाही उलटी जोडत होते, तेव्हा कळलं नाही.

"तुझं बघून सेमी काका फसले," मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"त्यांना मी चटया विकून देईन परत. तू फक्त चहा टाक."

टाकला. साखर जास्त झाली. प्यायली, आणि वर बघत म्हणाली, "हे छप्पर आहे की मासे धरायचं जाळं?"

मग टेबलावरचं खोकं दिसलं तिला. उघडलं. ओळखलं. तिने फोन उलटसुलट केला, काचेवरून अंगठा फिरवला. "एक ओरखडा नाही. वापरलासच नाहीस?"

मी नाही म्हणून मान हलवली. रडले. लिहायला लाज वाटते, पण रडले, नाक पुसत, घाणेरडं. ती म्हणाली, "बरं झालं. चांगला भाव येईल."

११ नोव्हेंबर, मंगळवार

विकला! तोरिका सोबत आली. गिऱ्हाईक एक बसचालक, बायकोसाठी हवा होता. तोच बाक. तो म्हणाला, पैसे रात्री भरतो. तोरिका म्हणाली, "मग फोनही रात्री बघ." हसला बिचारा, पाकीट काढलं. तिने प्रत्येक नोट उजेडात धरली. आकडे-बिकडे कुणी विचारले नाहीत, आणि विचारले असते तर मी चप्पल काढली असती.

तिथूनच पत्र्यांच्या दुकानात. सहा पत्रे, खिळे, आणि उरलेल्यात दोघींना एकेक आइस्क्रीम.

१३ नोव्हेंबर

छप्पर झालं. तोरिका वर, अपिसाई शिडी धरून, सुमिंत्रा खालून अक्कल शिकवायला. पाऊस येऊन गेला, मशीन कोरडं. आवाज मात्र फार होतो नव्या पत्र्यांचा. चोर मोकळाच आहे. लुसियाना आज लग्नाच्या वाढदिवसाचा झगा शिवून घ्यायला आली होती. तिला मी भाव सांगितला, पूर्ण.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तोरिकाची बोट. निघण्याआधी मी पलंगाखालून आईचं मशीन ओढलं, मेणकापड सोडलं, तिच्यासमोर खाली बसले आणि तोंडाने म्हणाले, कुणा चोराच्या नाही, माझ्या: "केरेकेरे, तोरिका. हे घेऊन जा."

"नाही," ती म्हणाली. चार वर्षं वाट बघत होती म्हणे, एकदा मलाही नाही म्हणायला. मग मशीन उचलून खांद्यावर घेतलं आणि धक्क्याकडे चालायला लागली.